जुन्या वस्तऱ्याची धार कमानदार असेल तर ती सरळ करावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत इंग्लंडातल्या शेफिल्डचा जुना वस्तरा सापडला. गंज वरवरचा आहे, पातं जाड आहे, पण धार सरळ रेषेत नाही. सपाट दगडावर ठेवला की मधलाच भाग टेकतो, टाच (धारेची मुठीकडची बाजू) आणि टोक अधांतरी राहतात. हजार नंबरच्या दगडावर बराच वेळ घासला, मधला भाग हातावरचे केस उडवतो, दोन्ही कडेचा मात्र नुसता सरकतो. आणि तुमच्या गावातला धारवाला म्हणाला, 'चाकावर धरतो, दोन मिनिटांत सरळ करून देतो.' द्यावा का त्याच्याकडं?

देऊ नका. निदान पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तरी देऊ नका.

मी परभणीत दुकान चालवतो, घराणं याच धंद्यातलं. दुकानात आता सगळं अर्ध्या ब्लेडवर चालतं, पण जुने वस्तरे पाजळून द्यायचं काम नांदेड, जालना, बीडकडून येत राहतं. त्यात कमानदार धारेचे वस्तरे पुष्कळ असतात आणि तक्रार प्रत्येकाची हीच असते. बहुतेक जण धार वाकडी आहे म्हणून दगडाशी भांडत बसतात. खरा प्रश्न वेगळा आहे: ही कमान कारागिरानं घातलेली आहे की वापरून वापरून पडलेली? हे कळल्याशिवाय पात्याला हात लावू नये. घातलेली कमान काढून टाकली तर दोन मिलिमीटर चांगलं पोलाद फुकट जातं, वर वस्तऱ्याचा तोल बिघडतो तो बिघडतोच.

आधी कोन कसा ठरतो ते सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल. वस्तऱ्याला सुरीसारखा कोन हातानं धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे कोन पात्यातच घालून ठेवलेला असतो. पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी, एवढ्या दोनच मापांवर तो ठरतो. पाठ साडेपाच मिलिमीटर आणि रुंदी १९ मिलिमीटर (म्हणजे इंचाच्या ६/८ मापाचं पातं) असेल तर कोन साधारण साडेसोळा अंश येतो. आता धार बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल तर मध्ये रुंदी जास्त, कडेला कमी. सपाट दगडावर जिथं रुंदी जास्त तिथं धार आधी टेकणार आणि बाकीची हवेत राहणार. भूमितीच तशी आहे, त्यात दगडाचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. तुम्ही कितीही वेळ सपाट घासलं तरी मधलाच भाग झिजत राहणार, आणि तो पुरेसा झिजून धार सरळ झाली की मगच टाच-टोकाला दगड लागणार. म्हणजे त्या दिवशी तुम्ही घासत होतात तेव्हा नकळत धारवाल्याचंच काम सावकाश करत होतात.

हौशी लोक या फुगीर धारेला हसरी धार म्हणतात. शेफिल्डच्या जुन्या, जाड पाचरीसारख्या पात्यांत ती मुद्दाम घातलेली सापडते. फायदा दोन तऱ्हेचा. एक म्हणजे कातडीवर अख्खी धार एकदम न टेकता थोडाच भाग टेकतो, त्यामुळं जबड्याखालच्या खोलगट जागेत ती नीट बसते. दुसरं, टोकाचा आणि टाचेचा कोपरा कातडीपासून जरा वर राहतो, म्हणून तो रुतत नाही. पुढं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या सोलिंगेनची दोन्ही बाजूंनी पोखरलेली पातळ पाती बाजारात पसरली, त्यांच्यात सरळ धार जास्त दिसते. तुमच्या वस्तऱ्याच्या शेपटीवर, म्हणजे पातं आणि खिळ्याच्या मधल्या भागावर, काय ठोकलंय ते भिंगाखाली बघा. मुकुट आणि 'व्ही आर' अशी अक्षरं असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची खूण, म्हणजे बहुधा १८३७ ते १९०१ च्या मधला माल. 'इंग्लंड' असं देशाचं नाव ठोकलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखान्यांत तो शिक्का रूढ झाला. जुना, जाड, हसरा असं सगळं जुळत असेल तर कमान जन्मजात असण्याचीच शक्यता जास्त.

पण शक्यतेवर काम करू नका, मोजा. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची जबड्याची मोजपट्टी, कुणा फिटरकडून मागून आणा. टाचेशी, मध्ये आणि टोकाशी अशा तीन ठिकाणी रुंदी आणि पाठीची जाडी दोन्ही लिहून काढा. धारेवर व्हर्नियरचा जबडा दाबू नका, नुसता टेकवा. समजा टाचेशी रुंदी १९ आणि पाठ ५.४, मध्ये १९.६ आणि ५.५, टोकाशी १८.८ आणि ५.३ अशी मापं आली. भागाकार करून बघा, तिन्हीकडं साडेतीनच्या आसपास येतो. म्हणजे धारेबरोबर पाठही त्याच बेतानं बारीक होत गेलीय, कोन सगळीकडं सारखा आहे. असं पातं एक तर तसंच घडवलेलं असतं, नाही तर जाणत्या हातानं जपलेलं. याला सरळ करणं म्हणजे पाप, असं माझं स्पष्ट मत.

उलट टोकाशी पाठ ५.३ आहे आणि रुंदी मात्र १६.५ भरली, तर तिथला कोन साडेअठरा अंशांवर गेला, मध्ये तो सोळाच आहे. इथं टोक घासून खाल्लं गेलंय. आधीच्या माणसाची टोकावर जोर द्यायची सवय असणार. अशा धारेलाही मी लगेच सरळ करत नाही, कारण साडेअठरा अंशांवरही दाढी होते, जरा रखरखीत होते एवढंच. कमान बेढब असेल, म्हणजे एकाच बाजूला उतरलेली असेल, तरच तिला थोडी आकारात आणतो.

मापांइतकीच कामाची दुसरी परीक्षा मार्करची. ही चुकवू नका. दोन्ही बाजूंना धारेवरच्या चमकत्या पट्टीवर आणि पाठीच्या घासलेल्या जागेवर काळा परमनंट मार्कर फिरवा. बारीक दगड ओला करा, वस्तरा सपाट ठेवून अजिबात दाब न देता एक-दोन हात मारा, मग पलटून दुसऱ्या बाजूनं तेवढेच. शाई कुठली गेली ते बघा. दोन्ही बाजूंना मधलीच शाई गेली तर धार खरोखर हसरी. दोन्ही बाजूंना टाच-टोकाची गेली आणि मधली राहिली तर धार आत बसलेली. पण एका बाजूला मधली गेली आणि दुसऱ्या बाजूला कडेची गेली, तर धारेचा प्रश्नच नाही. पातंच वाकलेलं आहे. पाणी पाजताना, म्हणजे पोलाद तापवून थंड करताना, असा बाक येतो आणि जुन्या मालात तो सर्रास सापडतो. लोक याला कमान समजून घासत बसतात आणि एका बाजूची पट्टी रुंद, दुसरीकडची दोऱ्यासारखी करून ठेवतात. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायला जाऊ नका, तडकतं. पुढं सांगितलेला फिरता हात त्यालाही चालतो.

आता दगड. तुमचा हजारचा दगड सपाट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वापरलेला दगड मध्ये खचलेला असतो आणि डोळ्याला ते दिसत नाही. दगडावर पेन्सिलीनं चौकड्या आखा, जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा आणि त्यावर दगड घासा. मध्ये चौकड्या शिल्लक राहिल्या की समजायचं, खड्डा आहे. त्या जाईपर्यंत घासायचं. कडप्प्यावर हे काम करणारे आहेत, पण कडप्पा दिसतो तितका सपाट नसतो. काच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड कोयत्याला ठीक, वस्तऱ्याला तो फार भरड पडतो. हजार, तीन किंवा चार हजार, आठ हजार आणि जमलं तर बारा हजार, एवढे पाण्याचे दगड पुरतात. पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की वाळलं की पात्यावर पांढरे डाग, आणि त्या डागाखाली गंज. फिल्टरचं पाणी घ्या. आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी हे काम काढूच नका, दगडावरचं पाणी बघता बघता उडतं आणि पातं कोरड्यावर ओरखडतं.

हात कसा मारायचा ते लिहून सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. बैलगाडीचं चाक जमिनीला एका वेळी एकाच जागी टेकतं, पण एका फेऱ्यात सगळी धाव जमिनीला लागून जाते. कमानदार धार दगडावर तशीच न्यायची. वस्तरा दगडाच्या लांबीला थोडा तिरका धरा, टाच पुढं. सुरुवातीला टाचेकडचा भाग टेकलेला आणि टोक दगडापासून पोस्टकार्डाच्या जाडीइतकंच वर. धार पुढं ठेवून वस्तरा सरकवायला लागा आणि सरकवतानाच तो दगडाच्या बाहेरच्या बाजूला ओढत न्या. मध्यावर पोचेपर्यंत मधला भाग टेकलेला असेल. शेवटाला शेपटी केसभर उचला, म्हणजे टोक टेकेल. पाठ मात्र एक क्षणही दगडावरून सुटता कामा नये. ज्या ठिकाणची धार टेकली आहे तिच्या समोरची पाठ टेकलेलीच पाहिजे, नाही तर कोन गेला. पलटताना पाठीवरून पलटा, धारेवरून नाही.

नवख्याकडून दोन गोष्टी जास्त होतात. एक, उचलणं फार होतं. डोळ्यांना जाणवेल इतकं टोक उचललं तर तुम्ही पाठीची कड घासताय, धार नाही. दुसरं, सगळा जोर अंगठ्यातून मध्यावर येतो. जाड पातं तो सोसतं. पोखरलेलं पातळ पातं लवतं आणि धार भलतीकडंच जाते. हजारच्या दगडावर हाताचं वजन आणि वर किंचित काही, पुढच्या दगडांवर नुसतं वस्तऱ्याचं वजन. आठ-दहा हात झाले की पुन्हा मार्कर लावून बघा. धारेची पट्टी टाचेपासून टोकापर्यंत सलग आणि बऱ्यापैकी एकसारख्या रुंदीची दिसली, आणि हातावरचे केस तिन्ही ठिकाणी सारखे उडाले, की मगच पुढचा दगड. हजारवर जे राहिलं ते बारा हजारवर सुधारत नाही. पुढचे दगड फक्त गुळगुळीत करतात. माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा एकाच दगडावर किती वेळ लावतोय.

दगड तीन इंच रुंद असेल तर कमानीचं काम आणखी किचकट होतं. इंच-दीड इंच रुंदीचा अरुंद दगड मिळाला तर घ्या, त्यावर हात आपोआप कमानीमागं जातो. जुन्या लोकांच्या धोपटीत तळहातावर मावणारा निसणा असायचा, त्यावर हसरी धार सहज लागायची. पण त्याच निसण्यानं बरेच वस्तरे बिघडवलेही. तळहातातल्या दगडावर मधला भाग जास्त फिरतो, टाच-टोक राहून जातात, आणि वर्षानुवर्षं असं झालं की धार मध्ये आत जाते. ही खोलगट धार मात्र दोषच. तिच्यात काही कारागिरी नाही. सपाट गालावर आधी दोन्ही कोपरे टेकतात, रक्त काढतात, आणि मधला भाग केसांपर्यंत पोचतच नाही. तुमची धार तशी असती तर मी सरळ करा म्हणालो असतो. तीही चाकावर नाही. पातं दगडावर उभं धरून, धार खाली, हलक्या हातानं लांबीच्या दिशेनं ओढत जायचं, खड्डा निघेपर्यंत. धार पूर्ण बोथट होते, मग हजारवर पट्टी पुन्हा नव्यानं घालायची. वेळखाऊ आहे, पण पातं थंड राहतं.

चाकाला माझा एवढा विरोध का, तर उष्णतेमुळं. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ, तिथली उष्णता जायला जागा नाही. कोरड्या चाकावर डोळ्याची पापणी लवते तोवर ती तापते. पोलाद पिवळसर होऊन निळं पडलं म्हणजे तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं, आणि तिथला कडकपणा गेला. नंतर पाण्यात बुडवून तो परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो, तेवढं पातं उरलेलं असलं तर. धारवाल्याची यात चूक नाही, त्याचं चाक कोयता-विळ्यासाठी आहे.

टाचेकडं एक गोष्ट अजून बघा. धार जिथं संपते आणि खांद्याचा जाड भाग सुरू होतो, तिथं खाली निघालेला काटा आहे का? वर्षानुवर्षं खांदा दगडावर चढत राहिला तर टाचेची धार दगडाला लागत नाही, बाकीची झिजते आणि तिथं नखासारखं टोक उरतं. तेच गालाला लागतं, कानाच्या पाळीलाही. असेल तर हिऱ्याच्या सपाट पट्टीवर पाणी टाकून ते गोल करून टाका आणि पुढं दगडावर खांदा चढू देऊ नका. टाच एखाद-दोन मिलिमीटरनं मागं गेली तरी दाढीला काही फरक पडत नाही.

पाठीवर इन्सुलेशन टेप लावावी का, यावर लोक तावातावानं भांडतात. एक थर टेप लावली की कोन साधारण एक अंशानं वाढतो. पाठीवर सोनेरी नक्षी असेल, किंवा काटा-खड्डा काढण्याचं भरड काम असेल, तर मी लावतो. एरवी नाही, कारण पाठ आणि धार बरोबरीनं झिजली तरच कोन टिकतो. लावली तर शेवटच्या दगडापर्यंत लावायची, फाटली की बदलायची. मध्येच काढली तर कोन बदलतो आणि आधीची मेहनत वाया जाते.

गंज वरवरचा आहे म्हणालात, तरी धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत खोल ठिपके आहेत का ते भिंगातून बघा. ठिपके धारेपर्यंत पोचले असतील तर तिथं कधीच धार धरणार नाही, कवडे पडत राहतील. धारेला आडवा तडा दिसला तर वस्तरा आठवण म्हणून ठेवा, वापरू नका. मूठ शिंगाची असेल तर तेलाचा हात द्या. सेल्युलॉइडची असेल आणि आतून वास येत असेल किंवा ती भुरभुरायला लागली असेल तर पातं तिच्यात मिटून ठेवू नका, तिच्या वाफेनंच गंज चढतो. हस्तिदंती निघाली तर विकायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्यानं त्या व्यापाराला बंदी आहे.

चामड्याच्या पट्ट्यावरही तोच फिरता हात, फक्त धार मागं आणि पाठ पुढं. पट्टा ताणून धरा. ढिला पडला की धार गोल होते, आणि कमानदार पात्यात मधल्या भागाची आधी होते. आधी जाड सुती पट्टीवर वीस-तीस, मग चामड्यावर पन्नासेक हात पुरेत. उन्हाळ्यात आपल्याकडं चामडं पार कोरडं पडतं, तळहातानं रोज चोळत जा. खोबरेल तेल पात्याला लावू नका, ते चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल घ्या. पावसाळ्यात वापर झाला की पुसून, थोडा वेळ उघडा वाळवून, मग तेलाचं बोट.

आणि हा वस्तरा तुमच्या एकट्याच्या दाढीपुरता ठेवा. गावातल्या दुकानात कुणावर वापरायला देऊ नका. एचआयव्ही आणि कावीळ ब रक्तातून पसरतात, आम्ही धंद्यातले लोक ब्लेड बदलायच्या वस्तऱ्यावर गेलो ते त्याचमुळं. पहिल्या वापराआधी साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसा.

पहिली दाढी गालावरच करा, हनुवटी दुसऱ्या दिवशी. कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन, कातडी दुसऱ्या हातानं ताणलेली. सरळ धारेची सवय असेल तर सुरुवातीला दोन झटक्यांच्या मध्ये केसांची रेघ राहिल्यासारखी वाटेल, कारण एका वेळी टेकणारा भाग कमी आहे. झटके आखूड घ्या आणि एकावर एक येऊ द्या. जबड्याखाली मधला भाग वापरा, नाकाखाली टोकाकडचा. वरच्या ओठाशी हसऱ्या धारेचं टोक सरळ धारेपेक्षा सोपं जातं, तिथं कोपरा लागायची भीती कमी.

मार्करची परीक्षा केलीत की दोन्ही बाजूंचा फोटो आणि ती सहा मापं इथं टाका. दोन बाजूंची शाई वेगवेगळ्या ठिकाणची गेली असेल तर हजारच्या दगडाला हात लावण्याआधी टाका.